लावलेला आणि लागलेला

मराठीत टीव्ही दोन तऱ्हांनी चालू असतो. एक तर कोणीतरी तो लावलेला असतो, नाही तर तो लागलेला असतो. ‘जरा बातम्या लाव’ म्हणणाऱ्याला बातम्या हव्या असतात. ‘काही नाही, असाच लागलाय’ म्हणणाऱ्याला काय हवंय ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. लागणं हे आपल्या भाषेतलं विलक्षण क्रियापद आहे. ठेच लागते, डोळा लागतो, दृष्ट लागते, नाद लागतो, वेड लागतं. यातलं काहीच माणूस ठरवून करत नाही, ते त्याला होतं. टीव्ही जास्त पाहिला जातोय का हे ओळखायला तासांच्या हिशेबापेक्षा मला हा फरक अधिक खरा वाटतो. कसोटी सामन्यातली तीन तासांची झुंज मन लावून पाहणाऱ्या माणसाची मला काळजी वाटत नाही. तासभर पडद्यासमोर बसून उठल्यावर काय पाहिलं हे ज्याला आठवत नाही, त्याची वाटते. त्या माणसांत मीही होते.

हे ध्यानात आलं ते एका वहीमुळे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, आपल्या घरात टीव्ही फार चालतो का यावरून वाद झाला आणि कोणी कोणाचं मान्य करेना. म्हणून टीव्हीखालच्या कपाटावर एक शंभर पानी वही ठेवली. टीव्ही सुरू करताना वेळ लिहायची, काय बघायला लावला ते लिहायचं, बंद करताना पुन्हा वेळ लिहायची, एवढंच. आठ दिवस. दुसऱ्याच दिवशी दिसलं की सुरू केल्याच्या वेळा आहेत, बंद केल्याच्या बहुतेक गायब आहेत. सुरू करणारा आणि बंद करणारा माणूस एक नव्हताच. जो शेवटी झोपायला जाई, तो दिव्याबरोबर टीव्हीही मालवी. शेवटी बेरीज केली तेव्हा टीव्ही ३१ तास चालू होता. ‘काय बघायला’ या रकान्यात लिहिलेलं सगळं ९ तासांत संपत होतं. उरलेले २२ तास घरात कोणाचेच नव्हते. त्यांतल्या किती वेळात खोलीत माणूस बसलेलं तरी होतं, याची खात्री कोणी देईना.

वहीनंतर मला आमचा पहिला टीव्ही फार आठवू लागला. चार पायांवर उभी लाकडी पेटी आणि तिला दोन्हीकडून सरकत येणारी दारं. दाराला कुलूपही होतं. परीक्षेच्या दिवसांत त्याची किल्ली आईच्या कमरेला असे. टीव्ही पाहायचा म्हणजे आधी त्यावरचा विणलेला रुमाल काढायचा, मग दारं सरकवायची, मग बटण. कार्यक्रम संपला की हेच सगळं उलट्या क्रमाने. भाऊ गच्चीवर अँटेना फिरवतोय आणि आम्ही खालून ‘मुंग्या आल्या, मुंग्या आल्या’ म्हणून ओरडतोय, हे त्या पिढीतल्या प्रत्येकाने केलेलं आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढची कितीतरी वर्षं प्रक्षेपण संध्याकाळी सुरू होई आणि रात्री संपे. ‘साप्ताहिकी’त पुढच्या आठवड्यात काय आहे ते कळायचं आणि घरोघर त्यावरून निवड व्हायची. गुरुवारी छायागीत, शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. शेजारची माणसं चपला दाराशी काढून येत आणि सिनेमा संपला की चपला घालून जात. मी त्या काळाचे गोडवे गात नाही. एकाच वाहिनीची सक्ती, कंटाळवाणी भाषणं, तासन्‌तास ‘व्यत्यय’ची पाटी, हे सगळं सोसलेलं आहे. पण त्या टीव्हीला दार होतं आणि त्याच्या संध्याकाळीला शेवट होता, हे दोन गुण आता कुठे शोधूनही सापडत नाहीत. भिंतीवरच्या आजच्या टीव्हीचा तांबडा ठिपका बंद असतानाही जागा असतो.

शेवट कसा गेला, याचं सर्वांत नेमकं वर्णन एका वेल्श अभ्यासकाने केलं आहे. रेमंड विल्यम्स त्याचं नाव. ‘टेलिव्हिजन: टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म’ हे त्याचं पुस्तक १९७४ चं. बोटीने आठवडाभर अटलांटिक ओलांडून तो अमेरिकेत आला आणि मायामीत एका रात्री टीव्हीवर सिनेमा बघत बसला. सिनेमाच्या मध्येच जाहिराती येत होत्या, पुढच्या दिवसांत दाखवायच्या दुसऱ्या सिनेमांची दृश्यंही येत होती, आणि थोड्या वेळाने यातलं काय कशात आहे हेच त्याला उमगेनासं झालं. त्यावरून त्याने म्हटलं की टीव्हीचं खरं एकक कार्यक्रम नसतो, प्रवाह असतो. एक संपायच्या आत दुसरं सुरू झालेलं असावं अशीच त्याची रचना असते. आपल्याकडे हे कळायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. १९९२ मध्ये झी आली, १९९९ मध्ये अल्फा मराठी, पाठोपाठ ईटीव्ही मराठी. रात्रीच्या मालिका एकाला एक खेटून लागल्या. मालिकेचा भाग संपतो तो नेमका दार वाजतं त्या क्षणाला. दारात कोण आहे ते उद्या. श्रेयनामावली कोपऱ्यात आक्रसते आणि उरलेल्या पडद्यावर पुढची मालिका सुरूही होते. उठायचं कुठे? ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग. भागाची जाहिराती वगळून २२ मिनिटं धरली तर अकराशे तास होतात, म्हणजे जवळपास ४६ अहोरात्र. मालिका पाहणाऱ्यांना मी हसत नाही. इतकी वर्षं एका कुटुंबाची सोबत करणं ही साधी गोष्ट नव्हे. पण गोष्टीला शेवट असतो म्हणून ऐकणारा उठून आपल्या कामाला लागतो, आणि इथे मुळात तोच काढून घेतला होता.

‘बंद करायला काय लागतं? एक बटण.’ असं म्हणणारे मला भेटतात. त्यांना मी रॉबर्ट क्युबी आणि मिहाय चिक्सेंटमिहाय यांचं काम सांगते. १९९० साली त्यांचं पुस्तक आलं, २००२ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी त्यावर लेखही लिहिला. त्यांनी माणसांजवळ एक छोटं यंत्र दिलं होतं. दिवसातून सहा-आठ वेळा ते वाजे, आणि वाजलं की आपण काय करतोय, कसं वाटतंय ते तिथल्या तिथे लिहायचं. टीव्हीसमोर असताना माणसं लिहीत की निवांत वाटतंय. टीव्ही बंद केला की तो निवांतपणा जाई, पण अंगातली मरगळ मात्र राही. खेळून किंवा छंदात वेळ घालवून उठलेली माणसं ताजी वाटल्याचं सांगत. टीव्हीसमोरून उठलेली तसं सांगत नसत. म्हणजे विसावा फक्त पडदा चालू असेपर्यंतचा. तो लगेच मिळतो आणि लगेच जातो, म्हणून हात पुन्हा रिमोटकडे. त्यांच्या कामातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट अशी की रोज चार तासांपेक्षा जास्त पाहणाऱ्यांना टीव्हीचा आनंद दोन तासांपेक्षा कमी पाहणाऱ्यांहून कमी मिळत होता. जेवण जितकं जास्त, तितकी चव कमी, असं काहीसं.

त्यात शरीराचीही एक जुनी सवय आहे. अचानक हालचाल झाली, आवाज झाला की मान तिकडे वळते. पाव्हलॉव्हने १९२७ मध्येच याचं वर्णन केलं होतं. जंगलात हे जीव वाचवणारं होतं. आता सासूच्या वाक्यानंतर कॅमेरा तीन वेळा सुनेच्या चेहऱ्यावर धाडधाड आदळतो तेव्हा तीच मान वळते, हातातली गवार तशीच राहते. वृत्तवाहिन्यांवर चार चौकटींत चार माणसं एकदम बोलतात, खाली पट्टी पळते, तांबडी अक्षरं फुटतात. मान जागची हलत नाही. आपल्या दुबळेपणावर बोट ठेवण्याआधी समोर किती कसबी माणसं, किती पैसा लावून, आपली मान वळावी म्हणून बसलेली आहेत, याची जाणीव ठेवलेली बरी.

ओळखायचं कसं, याच्या माझ्या खुणा मात्र शास्त्रीय नाहीत, घरगुती आहेत. पाहुणे आले की टीव्ही बंद होतो, की फक्त आवाज बारीक होतो? माझ्या लहानपणी पाहुण्याचं पाऊल उंबऱ्यात पडलं की दारं सरकत. आता माणूस तासभर आपल्याशी बोलतं आणि आपले डोळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे जात राहतात. घरातली बोलणी फक्त जाहिरातींत होतात का? मुलगी शाळेतलं काही सांगायला येते आणि आपण ‘ब्रेकमध्ये सांग’ म्हणतो. ब्रेक येतो तोवर तिचं सांगणं विझलेलं असतं. हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. माझी मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरी करते. ती काय सांगायला आली होती, ते मला आता कधीच कळणार नाही.

इथे एका अन्यायाबद्दल बोललंच पाहिजे. टीव्हीचं वेड म्हटलं की आपल्याकडे चित्र उभं राहतं ते मालिका पाहणाऱ्या बाईचं. रात्री नऊला रोज वाद ऐकणारा, वर्षाला शेकडो तास क्रिकेट पाहणारा पुरुष ‘माहिती घेत असतो’, ‘जरा विरंगुळा करत असतो’. बाई बहुधा भाजी निवडत, कपड्यांच्या घड्या घालत पाहते; तो पाय पसरून पाहतो. आणि त्या हिणवल्या जाणाऱ्या मालिकांनी बाईला काय दिलं हेही पाहावं. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बिहार, हरियाणा, तमिळनाडू आणि आपला गोवा इथल्या खेड्यांत केबल पोचली तेव्हा काय झालं ते त्यांनी तपासलं. जिथे केबल आली तिथे नवऱ्याने मारणं योग्य आहे असं मानणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट सैलावला, बायकांचा निर्णयांतला वाटा वाढला. मला हे वाचून नवल वाटलं नाही. ‘आभाळमाया’तली सुधा पाहताना आमच्या इमारतीतल्या बायकांचे चेहरे मी पाहिले आहेत. ती मालिका आम्ही लावत होतो. म्हणून ‘टीव्ही फेकून द्या’ म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी जाऊन उभी राहू शकत नाही.

फेकायचा नसेल तर काय करायचं, याचं एक उत्तर सांगली जिल्ह्यातल्या, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने शोधलं. तीन हजारांच्या आसपास वस्ती. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आल्या, मग शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातचे मोबाइल सुटेनात आणि मोठे टीव्हीसमोरून हलेनात. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली तेव्हा पुरुषांनी ती हसण्यावारी नेली. मग बायकांची सभा घेतली. आपण मालिका फार पाहतो हे बायकांनी स्वतः कबूल केलं आणि पाठिंबा दिला. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला ठरलं आणि गावच्या देवळावरून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाइल खाली. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजावत होते. पुढे इतर गावांनीही हे उचललं.

या गावाने काय ओळखलं होतं? एकट्याने बंद केलेला टीव्ही फार वेळ बंद राहत नाही. माझा बंद असेल आणि भिंतीपलीकडून शीर्षकगीत ऐकू येत असेल तर मी काहीतरी गमावतेय असं वाटत राहतं. सगळ्यांचा बंद असेल तर गमावण्यासारखं काही उरतच नाही आणि शेजारीण मोकळी सापडते. आइसलंडच्या सरकारी टीव्हीने हे वीस वर्षं करून दाखवलं. १९६६ मध्ये तो सुरू झाला, आणि १९८७ पर्यंत दर गुरुवारी त्या देशात टीव्ही नसे. १९८३ पर्यंत अख्खा जुलै महिनाही नसे. आमचा गुरुवार छायागीताचा, त्यांचा गुरुवार एकमेकांकडे जाण्याचा.

आपल्याकडे हा प्रयोग महावितरणने नकळत केलेला आहे. माझ्या सासरी, बार्शीला, २००० नंतरच्या दशकात भारनियमनाने माणसं जेरीस आली होती. उकाडा, डास, मेणबत्तीवर दहावीचा अभ्यास. त्या अंधाराचं कौतुक मी करणार नाही. पण वीज गेली की गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर माणूस येऊन बसे, हेही खरं. सासरे तेव्हा त्यांच्या गिरणीतल्या नोकरीच्या गोष्टी सांगत. वीज आली की ‘आली!’ असा एकच गलका, आणि पुढच्या मिनिटाला ओटे रिकामे. सासऱ्यांची एक गोष्ट, संपाच्या रात्रीची, अशी तीनदा अर्ध्यावर तुटली.

घरात भोंगा नसतो, म्हणून घराने काहीतरी ठरवून घ्यावं लागतं. अमेरिकेत थॉमस रॉबिन्सन या डॉक्टरांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका शाळेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांनी आधी दहा दिवस टीव्ही पूर्ण बंद ठेवला, मग आठवड्याला सात तासांची मर्यादा. ते सात तास कुठे खर्च करायचे ते मुलांनीच ठरवायचं. वर्षअखेरीस त्या मुलांच्या वजनवाढीचा वेग दुसऱ्या शाळेतल्या मुलांपेक्षा कमी भरला. मला यातलं वजन कमी महत्त्वाचं वाटतं, खर्च करणं जास्त. मोजके पैसे असले की माणूस वस्तू उलटसुलट करून पाहतो. आम्ही आमच्या घरात दहा दिवस बंद ठेवला तेव्हा पहिले चार दिवस वाईट गेले. चिडचिड झाली, नवरा गॅलरीत येरझाऱ्या घालत होता, मी उगाच कपाटं आवरली. दुसऱ्या आठवड्यात घराला वेगळा आवाज आला: कुकरचा, रस्त्यावरच्या भाजीवाल्याचा, एकमेकांचा. मग रविवारी सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसायचं आणि आठवड्यात काय लावायचं ते त्याच वहीत लिहायचं, असं सुरू झालं. रिमोट दिवाणखान्यातून स्वयंपाकघरातल्या खणात गेला. उठून जावं लागतं, आणि तेवढ्या सहा पावलांत बरेचदा कळतं की काही पाहायचं नाहीये. आता आठवड्याला दहा-अकरा तास होतात. ते आमचे असतात.

पण या सगळ्या हुशारीने मी एक चूक केली, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. आई पुण्यात एकटी राहते. वय ८१. बाबा गेल्यापासून तिचा टीव्ही सकाळच्या अभंगांपासून रात्रीच्या पुनःप्रक्षेपणापर्यंत चालू असतो. गुडघे आखडले, साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी आमच्या यशाच्या भरात होते. तिच्या डिशचं रिचार्ज माझ्याकडे असतं. ते संपलं आणि मी केलं नाही. दोन-चार दिवस बघू, म्हटलं. तिने तक्रार केली नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाली, ‘अगं, घर खायला उठतं.’

तिचा टीव्ही लागलेला होता की लावलेला, याचं उत्तर माझ्या वहीच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हतं. तिला काही पाहायचं नव्हतं, पण कोणीतरी बोलत असायला हवं होतं. मी तिच्याकडून ते बोलणं काढून घेतलं आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही. वडगावच्या लोकांनी नुसता भोंगा बसवला नव्हता, ते आधी घरोघर गेले होते, हे मला तेव्हा कळलं. मी त्याच संध्याकाळी रिचार्ज केलं आणि शनिवारी पुण्याला गेले.

आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. सकाळचे अभंग राहतील, पण रेडिओवर. तिची आवडती एक मालिका राहील. सहा ते साडेसात टीव्ही बंद, तेव्हा खाली बाकावर. त्या वेळात मी रोज फोन करते. महिन्यातून दोनदा जाते, पूर्वी सणावारी जायचे. पहिले काही दिवस ती बाकावर एकटीच बसली. मग तळमजल्यावरच्या कुलकर्णी काकू येऊ लागल्या, मग आणखी दोघी.

गेल्या महिन्यात मी गेले होते तेव्हा आईचा डोळ्यांचा दवाखाना लांबला आणि तिच्या मालिकेचा भाग चुकला. रात्री पुन्हा लागतो, बघशील का, मी विचारलं. नको म्हणाली, उद्या कुलकर्णी सांगेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकावर काकूंनी तो भाग सांगायला घेतला. कोण कोणाला काय म्हणालं, मग ती कशी उभी राहिली, माझी सून असती तर काय म्हणाली असती, आणि यावरून त्यांना १९६८ सालचं त्यांचं स्वतःचं लग्न आठवलं. आई मध्येच थांबवून विचारत होती, हसत होती. वरती जिन्यातला दिवा लागला. मालिकेचा भाग २२ मिनिटांचा होता. काकूंचा अजून मध्यंतरापर्यंतही आला नव्हता.